डावऱ्या हाताला छोटं पिस्तूल: कुठलं घ्यावं?

मंजिरी_टेक्सस

नमस्कार मंडळी. या विषयावर मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून धागा काढतेय.

मी ऑस्टिनच्या बाहेर राहते. फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन उपचार करते. पेशंट बहुतेक गावाबाहेर, मोठ्या जागेत एकेकटे राहणारे. संध्याकाळी परत येताना फोनला सिग्नल नसतो असे रस्ते लागतात, आणि गाडीत मी एकटी. ग्रीन कार्ड आहे, टेक्ससचं एलटीसी (पिस्तूल बाळगायचा परवाना) काढून झालंय, त्याचा वर्गही केलाय. आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय, कुर्त्याखाली किंवा सैल टी-शर्टखाली दिसणार नाही असं.

अडचण अशी की मी पक्की डावरी. लिहिते, जेवते (आजीच्या डोळ्यांआड), बॅडमिंटन खेळते, सगळं डाव्याने. दुकानातल्या माणसाने "हल्ली सगळी पिस्तुलं दोन्ही हातांची असतात" असं सांगितलं आणि स्वतःच्या उजव्या हातात धरून दाखवलं. झालं समाधान.

रेंजवर भाड्याने घेऊन तीन चालवून बघितली: ग्लॉक ४३एक्स, सिग पी३६५ आणि स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. तिन्ही ९ मिमी. हातात सगळ्यात छान बसलं ते शील्ड प्लस. पण त्याचं मॅगझिन (गोळ्यांचा डबा) सोडायचं बटण डाव्या अंगाला आहे आणि ते फिरवता येत नाही. बाकी दोघांचं उजवीकडे बसवून घेता येतं. स्लाइड स्टॉप (वरचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, मागे अडकवणारी खिट्टी) मात्र तिघांचाही फक्त डावीकडे.

तर डावऱ्या मंडळींनो, यातलं खरोखर काय नडतं आणि काय नुसतं कागदावर नडतं?

"पिस्तूल हवंच कशाला" यावर कृपया वेगळा धागा काढा, तिथे मी भांडायला येईन.

आबा_फिनिक्स

मंजिरीताई, डावऱ्यांच्या टोळीत स्वागत. मी ॲरिझोनात बरीच वर्षं आहे आणि माझं पहिलं पिस्तूल '१९११' नावाचं मॉडेल होतं. त्याची अंगठ्याची सेफ्टी (गोळी सुटू न देणारी खिट्टी) डावीकडे, म्हणजे आपला अंगठा जिथे नसतो तिथे. गनस्मिथकडून दोन्हीकडची सेफ्टी बसवून घेतली तेव्हा कुठे ते वापरण्याजोगं झालं.

बटणाचं म्हणाल तर माझं मत उलटं आहे. फिरवू नका. डाव्या हातात पिस्तूल धरलं की चापाचं बोट पिस्तुलाच्या डाव्या अंगावर येतं. तेच बोट किंचित मागे वळवलं की मॅगझिनचं बटण बोटाखाली. पकड हलवावी लागत नाही. उजव्या हाताच्या लोकांना बटणापर्यंत अंगठा पोचवायला पिस्तूल तळहातात थोडं फिरवावं लागतं, विशेषतः हात लहान असेल तर. आणि बोट बटणावर आहे म्हणजे चापावर नाही, हा फुकटचा फायदा.

त्यामुळे शील्ड प्लस हाताला बसलंय तर तेच घ्या आणि सरावाला लागा.

निनाद_रेंजवाला

आबा, अर्धं सहमत. रेंजवर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. मी इथे ओहायोत शिकवतो, वर्गात डावरे येतातच, आणि चापाच्या बोटाने मॅगझिन सोडायला ते पटकन शिकतात.

पण मंजिरीताईंना पिस्तूल रेंजवर न्यायचं नाहीये, दिवसभर अंगावर ठेवायचंय. तिथे गणित बदलतं. उजव्या हाताचा माणूस उजव्या कमरेला पिस्तूल लावतो तेव्हा पिस्तुलाचं डावं अंग, म्हणजे बटणाचं अंग, पोटाकडे असतं. झाकलेलं. आपण डाव्या कमरेला लावलं की तेच अंग बाहेर, जगाकडे. खुर्चीचा हात, गाडीचं दार, खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा, जे काही घासतं ते थेट बटणावर. बटण पूर्ण दाबलं गेलं तर मॅगझिन जेमतेम पाव इंच खाली सरकतं आणि होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) तसंच लटकत राहतं. वरून काही कळत नाही. गरज पडली तर चेंबरमधली (नळीत आधीच चढवलेली) एक गोळी सुटेल, आणि त्यानंतर नुसता खट्ट.

हेच डावीकडे सेफ्टी असलेल्या पिस्तुलाबद्दल. शील्ड प्लस सेफ्टीसह आणि सेफ्टीशिवाय दोन्ही मिळतं. सेफ्टीवालं घेतलंत तर ती फक्त डावीकडे आहे. तुमच्या अंगठ्याला ती पोचणार नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पोचेल.

मंजिरी_टेक्सस

बाप रे, हा मुद्दा कोणीच सांगितला नव्हता. आणि माझ्या कामात तर पेशंटला उठवताना, बसवताना माझी डावी बाजू सतत कुठे ना कुठे टेकते.

कराडचा_पैलवान

वाचतोय. अमेरिकेत लोक पिस्तूल असं निवडतात जसं आपण मोबाईल निवडतो. आमच्याकडे आधी परवाना मिळवण्यातच चपला झिजतात. मिळाला तर ९ मिमीची बातच नाही, ते निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्यांना मनाई असलेला आकार. मग .३२ वर समाधान. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर शस्त्रंही तीनाऐवजी दोनच. आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून निरोप येतो तो वेगळाच.

आमच्या चुलत्यांकडे .३२ रिव्हॉल्व्हर आहे, मधून मोडून उघडणारं. चुलते पण डावरे. त्यांना कधी या डाव्या-उजव्याचा त्रास झालेला बघितला नाही.

निनाद_रेंजवाला

पैलवान, तुमच्या चुलत्यांचं नशीब थोर. मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर म्हणजे वेब्ली या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातलं. ते पुढे खाली दुमडतं आणि सगळी रिकामी काडतुसं एकदम मागे उसळतात. डावीकडे-उजवीकडे काही उघडतच नाही, त्यामुळे भरायला दोन्ही हात सारखेच. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं 'निर्भीक' त्याच जातीचं.

अमेरिकन रिव्हॉल्व्हरचं मात्र उलट. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या, खिशात मावणारं, पाच गोळ्यांचं. त्याचा सिलिंडर (गोळ्यांची फिरती चकती) डावीकडे उघडतो आणि खटकाही डावीकडे. उजवा माणूस अंगठ्याने खटका दाबतो, डाव्या हाताच्या बोटांनी सिलिंडर बाहेर ढकलतो, ओघात होतं सगळं. डाव्याला खटका बोटाने दाबायचा, सिलिंडर स्वतःच्या तळहाताच्या दिशेने उघडायचा, मग हात बदलायचा. चार्टर आर्म्सने 'साउथपॉ' नावाचं आरशातल्या प्रतिमेसारखं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, सिलिंडर उजवीकडे उघडणारं. कल्पना उत्तम. पण दुसऱ्या कोणी त्यांचा कित्ता गिरवला नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतून हजेरी. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्रूएन निकाल आला तोवर इथे सामान्य माणसाला लपवून बाळगायचा परवाना मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. आता मिळतो, पण अटी भरपूर. मॅगझिन १० गोळ्यांचंच. त्यामुळे तेरा गोळ्यांचं घ्यावं की पंधरा, या वादात आम्हाला स्थान नाही.

तरी एक फायदा. १० गोळ्यांच्या मर्यादेत मोठी आणि छोटी पिस्तुलं एका रांगेत येतात, मग निवड निव्वळ हाताला काय बसतं यावर. मी डावरा, माझ्याकडे हेकलर अँड कॉखचं व्हीपी९एसके आहे. त्याला बटणच नाही. चापाच्या कड्याच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पाकळ्या आहेत, त्या खाली दाबायच्या. स्लाइड स्टॉपही दोन्हीकडे. डावऱ्यासाठी कारखान्यातूनच तयार.

पण जाड आहे. पी३६५ च्या शेजारी ठेवलं की वीट वाटते.

नवखा_प्लेनो

मंजिरीताई, एक प्रश्न, धाग्याच्या ओघात. मी एच-१बी वर आहे, डॅलसजवळ. टेक्ससमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून परवान्याशिवायही बाळगता येतं ना? मग मी घेऊ शकतो का? मीही डावरा आहे.

एडिसनकर

थांबा थांबा. राज्याचा कायदा काहीही म्हणो, वर केंद्राचा आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, त्यातला सर्वसामान्यांना लागू होणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. खरेदीच्या वेळी ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे थेट विचारलेलं असतं आणि तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि हे फक्त खरेदीपुरतं नाही. मित्राबरोबर रेंजवर जाऊन त्याचं पिस्तूल हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. आपली पोरं "नुसती गंमत म्हणून" फोटो टाकतात त्यांना हे सांगा. ग्रीन कार्ड आलं की हा प्रश्न मिटतो. तोवर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. व्हिसा पणाला लावण्याइतकं हे मोठं नाही.

नवखा_प्लेनो

धन्यवाद एडिसनकर. पुढच्या शनिवारी मित्र नेणारच होता. रद्द.

नेमबाज_पुणे

माझा संबंध दहा मीटर एअर पिस्तुलाशी, तेव्हा कमरेला लावण्याबद्दल मला ओ की ठो कळत नाही. पण डावऱ्यांचा एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे आणि अजून कोणी काढला नाही. तुमचा डोळा कुठला?

हात डावा म्हणजे डोळाही डावाच, असं नसतं. बालेवाडीच्या रेंजवर पहिल्या दिवशी आमच्या सरांनी हात पुढे करून दोन तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायला लावली, त्यातून समोरचं लक्ष्य बघायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. हात आपोआप ज्या डोळ्यापाशी येतात तो प्रबळ. माझे उजव्या डोळ्यापाशी आले. हात डावा, डोळा उजवा.

आमच्या खेळात त्याला उपाय आहेत. डावऱ्या हाताची लाकडी मूठ मिळते, कोन बदलता येतो, नको त्या डोळ्यापुढे झापड लावता येतं. मूठ मात्र मुद्दाम मागवावी लागते आणि ती येईपर्यंत उजव्या मुठीला पॉलिश पेपर मारून, पुट्टी भरून दिवस काढावे लागतात. तुमच्या पिस्तुलाला असली चैन नाही. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी हे बघून घ्या.

मंजिरी_टेक्सस

आत्ताच करून बघितलं. उजवा! आता? म्हणजे मी उजव्या हाताने शिकायला हवं?

निनाद_रेंजवाला

नाही हो. रायफलसाठी कधी कधी तो सल्ला देतात, कारण रायफल खांद्याला टेकते आणि डोळा तिच्या मागेच ठेवावा लागतो. पिस्तूल हात लांब करून धरतो. ते दोन इंच उजवीकडे नेलं किंवा चेहरा किंचित डावीकडे वळवला की उजवा डोळा साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) मागे येतो. मान वाकडी करायची नाही, फक्त वळवायची.

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लावलात तर हा प्रश्न आणखी सौम्य होतो. ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. फक्त ठिपका पटकन सापडायला सुरुवातीला त्रास होतो. रिकाम्या पिस्तुलाने घरी सराव करायचा. रिकामं म्हणजे मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत.

विदुला_स

धागाकर्तीची सूचना वाचूनही एक वाक्य लिहिते. घरात लहान मूल असेल तर पिस्तुलाच्या आधी तिजोरी घ्या. बाकी तुमचं चालू द्या.

मंजिरी_टेक्सस

विदुला, हे भांडण नाही, हे बरोबरच आहे. भाचा येतो राहायला. बोटांनी आकडे दाबून उघडणारी छोटी तिजोरी आधीच घेतली आहे.

आबा_फिनिक्स

निनाद, बटण बाहेरच्या बाजूला येतं हा मुद्दा मान्य. पण चांगल्या कायडेक्स (कडक प्लास्टिकच्या) होल्स्टरला तिथे उंचवटा किंवा आडोसा असतो की. मग पिस्तूल का बदलायचं?

निनाद_रेंजवाला

असतो, पण बघून घ्यावा लागतो. काही बनवणारे उजव्या होल्स्टरचाच साचा उलटा करतात. उजव्याला पोटाच्या बाजूला जो उंच पत्रा असतो तो उलटल्यावरही पोटाच्याच बाजूला राहतो, आणि आपलं बटण बाहेरच्या बाजूला उघडं. जो खरोखर डावऱ्यांचा विचार करतो तो बाहेरच्या भिंतीला बटणाभोवती खोलगट जागा करतो, म्हणजे कायडेक्स बटणावर टेकतही नाही आणि बाहेरून दाबलंही जात नाही. फोटो बघून कळतं. फोटो नसेल तर पत्र लिहून विचारायचं.

आणि खरं सांगू, माझ्या मते हा सगळा धागा उलट्या टोकाने सुरू झालाय. डावऱ्याने आधी होल्स्टर शोधावं, मग पिस्तूल. ग्लॉक १९, ४३एक्स, पी३६५, शील्ड यांना डाव्या हाताची होल्स्टर डझनभर बनवणारे आहेत. कोपऱ्यातलं एखादं सुंदर, दोन्ही हातांचं, परवडणारं पिस्तूल घ्याल आणि त्याला डावं होल्स्टर एकच माणूस बनवत असेल, तोही ऑर्डर घेऊन आठवड्यांनी. दुकानात भिंतभर होल्स्टर लटकलेली असतात, त्यात डावं शोधा. मिळालं तर मला कळवा.

"दोन्ही हातांना चालणारं" म्हणून मऊ नायलॉनची पिशवी विकतात ती घेऊ नका. चापावर कडक आवरण हवं, आत बोट किंवा कापड घुसता कामा नये, आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहायला हवं. परत घालताना बघून, सावकाश, शर्ट बाजूला धरून. तिथे घाई करायचं काहीच कारण नसतं.

एलए_तला_डावरा

कॅलिफोर्नियाचं दुःख ऐका. इथे दुकानातून नवीन घ्यायचं तर राज्याच्या यादीतलंच पिस्तूल घ्यावं लागतं. यादीत बरीच वर्षं ग्लॉक होतं ते तिसऱ्या पिढीचं. आणि मॅगझिनचा कॅच, म्हणजे तेच बटण, फिरवायची सोय आली चौथ्या पिढीत, २०१० मध्ये! स्लाइड स्टॉप दोन्हीकडे यायला तर २०१७ ची पाचवी पिढी उजाडली. म्हणजे डावऱ्यांसाठी जग पुढे गेलं आणि आम्ही यादीच्या अलीकडच्या काठावर.

एक माहितीची गोष्ट: चौथ्या पिढीच्या आधीच्या ग्लॉक मॅगझिनना खाच एकाच बाजूला असते. कॅच उलटा बसवलात तर ती मॅगझिन अडकतच नाहीत. जुन्या बाजारातून स्वस्तात मॅगझिन घेताना दोन्ही बाजूंना खाच आहे का बघा.

मंजिरी_टेक्सस

हे फार कामाचं. आता स्लाइड स्टॉपबद्दल कोणीतरी सांगा. डावीकडे आहे हे किती मनावर घ्यायचं?

आबा_फिनिक्स

अजिबात नाही. इथे निनाद आणि माझं एकमत होईल. मॅगझिन बदललं की उजव्या हाताने स्लाइड वरून धरायची, मागे खेचायची आणि सोडून द्यायची. उजवे लोकही यालाच पसंती देतात, कारण कुठलंही पिस्तूल हातात आलं तरी कृती तीच. स्लाइड मागे अडकवून ठेवायची असेल तर चापाचं बोट वर करून खिट्टी उचलायची. सरावाने ती खाली दाबायलाही तेच बोट जमतं.

उलट एक गंमत. हल्ली दोन्ही अंगठे पुढे ठेवून धरायला शिकवतात. त्यात उजव्यांचा अंगठा स्लाइड स्टॉपवर टेकून राहतो आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकतच नाही. मग त्यांना वाटतं पिस्तूल बिघडलं. आपले अंगठे उजव्या अंगाला असतात. तिथे काही नाहीच टेकायला.

नवखा_प्लेनो

आणि रिकाम्या पुंगळ्या? त्या उजवीकडे उडतात, आपल्या तोंडावर येत नाहीत का?

निनाद_रेंजवाला

हात लांब असतात, त्यामुळे सहसा उजव्या खांद्यावरून मागे जातात. रेंजवर मात्र शेजारी पडदा असतो, त्याला आपटून परत येतात. गळ्याशी सैल कपडा घालून आलेला माणूस ओळखू येतो, कारण गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली की तो नाचायला लागतो. त्या क्षणी पिस्तूल समोर, बोट चापाबाहेर. नाचा खुशाल, पण हात जागेवर. बंद गळ्याचा टी-शर्ट, टोपी आणि चष्मा.

पुंगळी अडकली तर डावऱ्याला एक फायदा, एक तोटा. पिस्तूल आपल्या सवयीने उजवीकडे झुकवलं की पुंगळी बाहेर पडायची खिडकी जमिनीकडे होते, अडकलेलं पितळ आपोआप खाली पडतं. पण आत काय अडकलंय ते बघायचं असेल तर मनगट उलटं वळवावं लागतं.

विदुला_स

कुतूहल म्हणून विचारते. बायकांच्या कपड्यांना पट्टा नसतो, खिसे खोटे असतात. मग ठेवायचं कुठे? पर्समध्ये?

मंजिरी_टेक्सस

पर्स पहिल्या दिवशीच बाद केली. पर्स मी पेशंटच्या सोफ्यावर ठेवते, त्यांची नातवंडं तिच्यात चॉकलेट शोधतात. मी कामावर स्क्रब्जची नाडीची पँट घालते. तिथे कमरेभोवतीचा रुंद इलास्टिक पट्टा आणि त्यात चापावर कडक कवच असलेलं होल्स्टर, असा विचार आहे. पोटाच्या पुढच्या भागात, बेंबीच्या डावीकडे.

आबा_फिनिक्स

पुढच्या बाजूला लावणार असाल तर वाकताना, बसताना नळी कुठे रोखली जातेय याचा विचार करा. मी स्वतः कमरेच्या मागे-डावीकडे लावतो. पण पेशंटला आधार देताना मागची बाजू तुमच्या नजरेबाहेर राहणार, आणि कोणीतरी नेमकं तिथेच धरणार. तुमच्या कामात पुढेच बरं.

गाडीबद्दल एक. इथे चालक डावीकडे बसतो, पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि बकल उजव्या कुशीत. उजव्या लोकांना बकल लावताना दर वेळी पिस्तुलाशी झटापट. आपली ती बाजू मोकळी. पण मांडीवरून जाणारा पट्टा डाव्या कमरेवरूनच सुरू होतो आणि तो बरोबर पिस्तुलावर येतो. निनाद म्हणतो ते बटण दाबलं जायची सगळ्यात शक्यता तिथेच. पट्टा पिस्तुलाच्या खालून, मांडीच्या सांध्यात बसवायची सवय लावा.

कराडचा_पैलवान

आमच्याकडे चालक उजवीकडे, म्हणजे डावऱ्याचं बकल डावीकडेच. सगळा त्रास आमच्याच वाट्याला. चुलते मात्र बुलेटवर फिरतात.

सूचना_मंडळ

पैलवान, अवांतर कमी. सर्वांना: कायद्यात बसेल तेवढंच लिहा. घरी करायच्या फेरफारांची कृती, बेकायदा खरेदीचे मार्ग असं काही दिसलं तर प्रतिसाद उडवला जाईल. मॅगझिनचा कॅच बाजू बदलून बसवणं कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं आहे, त्यावर बोलायला हरकत नाही.

एडिसनकर

मंजिरीताई, कामावर नेणार तर दोन गोष्टी. तुमची एजन्सी परवानगी देते का ते लेखी बघा. नोकरी गमावण्यासारखा नियम असू शकतो. आणि टेक्ससमध्ये जागामालकाच्या पाट्यांचे नंबर पाठ करा: ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवलेलं नको, ३०.०७ म्हणजे उघडं नको, ३०.०५ बिनपरवान्यांसाठी. दारूवर निम्म्याहून जास्त धंदा असलेल्या ठिकाणी ५१ टक्क्यांची लाल पाटी, तिथे आत नेणं गुन्हा. पोस्ट ऑफिसात केंद्राची मनाई. खासगी घरात मालकाने तोंडी नको म्हटलं तरी पुरे.

परवाना काढलात ते उत्तम केलंत. टेक्ससमध्ये लागत नसला तरी शेजारच्या राज्यांत मान्यतेसाठी तो कामाला येतो.

मंजिरी_टेक्सस

एजन्सीचा नियम वाचला. पेशंटच्या घरात शस्त्र नेता येणार नाही, गाडीत कुलुपात ठेवलं तर त्यांची हरकत नाही. म्हणजे दिवसातून अनेकदा काढा-घाला. मग मला वाटतं होल्स्टरसकट काढता येईल असं काहीतरी हवं, पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर न काढता.

निनाद_रेंजवाला

अगदी. होल्स्टरसकट काढायचं, होल्स्टरसकट गाडीच्या तिजोरीत. गाडीला साखळीने बांधलेली तिजोरी, सीटखाली. गाडीत बसून पिस्तूल हाताळणं जितकं कमी तितकं बरं. आणि या नव्या माहितीनंतर माझं मत पी३६५ किंवा ४३एक्सकडे झुकतं: बटण उजवीकडे फिरवून घ्या, म्हणजे ते पोटाच्या बाजूला जाईल आणि या काढा-घालीत दाबलं जाणार नाही. पी३६५ ला सेफ्टी हवीच असेल तर सेफ्टीवाल्या मॉडेलमध्ये ती दोन्हीकडे असते, हा शील्डच्या तुलनेत फरक.

मनगटात जोर कमी असेल, स्लाइड ओढायला जड जात असेल, तर शील्ड ईझी हाही पर्याय बघा. स्लाइड हलकी, बटण फिरवता येतं. फक्त जरा मोठं आहे आणि मुठीच्या मागे दाबायची सेफ्टी आहे. पकड ढिली पडली तर सुटत नाही.

आबा_फिनिक्स

मी तरी बटण फिरवणार नाही. चापाच्या बोटाची सवय आता हाडात गेलीये. पण नव्याने सुरू करणाऱ्याला, त्यात रोज एवढ्या वेळा चढवणं-उतरवणं असेल तर निनादचं ऐका.

मंजिरी_टेक्सस

ठरलं. पी३६५, सेफ्टीशिवायचं. मुठीचा आकार नंतर बदलता येतो हेही त्याच्या बाजूने गेलं; नंबर असलेला भाग आतला चापाचा सांगाडा, बाहेरची मूठ वेगळी विकत मिळते. शील्ड प्लस हाताला जास्त गोड होतं हे खरं, पण मोठी मूठ लावली की पी३६५ ही बसेल असं वाटतं.

निनाद म्हणाले तसं आधी होल्स्टर शोधलं. डावं, बाहेरच्या बाजूला बटणाला जागा असलेलं. बनवणाऱ्याने विचारलं, बटण कुठल्या बाजूला ठेवणार? हे विचारणारा पहिलाच माणूस भेटला. ऑर्डर दिली. यायला सहा आठवडे लागतील.

शेवटचा प्रश्न: जादा मॅगझिन कुठल्या बाजूला? ठेवायलाच हवं का?

निनाद_रेंजवाला

उजव्या बाजूला, गोळ्यांची टोकं पुढे, म्हणजे उजव्या हाताची तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या कडेवर येईल. ठेवावं, कारण पिस्तूल अडखळतं ते बहुधा मॅगझिनमुळे. मॅगझिनची पाऊचही उजव्यांच्या हिशोबाने तिरकी शिवलेली असतात, सरळ उभं बसणारं बघून घ्या.